चाल कुणाची, हे लिहायला काय जातं?

लॉस एंजेलिसच्या फेडरल कोर्टात जून २०१६ मध्ये एक खटला उभा राहिला. दोन गाणी सारखी आहेत की नाहीत, एवढाच त्यातला प्रश्न. आणि गंमत अशी, की त्यातलं पहिलं गाणं जगानं ज्या तबकडीवर ऐकलं, ती तबकडी निकाल देणाऱ्या ज्यूरींच्या कानावर पडू दिली नाही. त्यांच्यापुढे आला एक कागद. १९६७ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात जमा झालेलं एका पानाचं नोटेशन आणि त्यावरून तज्ज्ञांनी वाजवून दाखवलेले सूर. त्या काळच्या, म्हणजे १९०९च्या कायद्याप्रमाणे ‘रचना’ म्हणजे फक्त तेवढा कागद. बाकी स्टुडिओत जे घडलं, ते कायद्याच्या हिशेबात नाही.

पहिलं गाणं होतं ‘टॉरस’. लॉस एंजेलिसच्या स्पिरिट नावाच्या बँडनं वाजवलेला, जानेवारी १९६८ मध्ये आलेला जेमतेम अडीच मिनिटांचा तुकडा, बिनशब्दांचा. दुसरं गाणं लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’, नोव्हेंबर १९७१. पहिलं फारसं कुणाला माहीत नाही, दुसरं न ऐकलेला गिटारवाला शोधून सापडणार नाही. मी डोंबिवलीत गिटार शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं मुंबईच्या ऑर्केस्ट्रांमधून वाजवत होतो. क्लासला येणारा मुलगा धड चार कॉर्ड धरू लागला, की फोन पुढे करून म्हणतो, सर, हे शिकवा. ते ‘हे’ म्हणजे बहुतेक वेळा ‘स्टेअरवे’ची सुरुवात.

मी ती शिकवतो. आणि शिकवून झाली, की ‘टॉरस’ ऐकवतो. पोरं एकमेकांकडे बघतात. “सर, हे तर ढापलंय!” असं म्हणायला त्यांना पंधरा सेकंदं पुरतात. अमेरिकेतल्या न्यायालयांना सहा वर्षं लागली, आणि त्यांनी उलट उत्तर दिलं. माझ्या मते ते उत्तर बरोबर होतं. तरीही त्या निकालानं माझं समाधान झालेलं नाही.

आधी सुरांचं बघू. दोन्ही तुकडे ए मायनरमध्ये आहेत. ‘ए’ला षड्ज धरा. खालच्या तारेवरचा सूर सा वरून निघतो, मग शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध असा एकेक पायरी उतरत जातो, आणि पंचमाला न टेकता थांबतो. सगळा मामला एवढाच. पेटीवर वाजवून बघा, पहिल्या तीन सुरांतच छातीत काहीतरी हलतं. या उतरणीत करुण रस उपजतच आहे. इंग्लंडच्या हेन्री पर्सेलनं सतराव्या शतकात ‘डायडो अँड एनियस’ या ऑपेरात राणीच्या शेवटच्या विलापाखाली अशीच उतरण वापरली. १९३७च्या ‘माय फनी व्हॅलेंटाइन’मध्ये ती आहे. १९६४च्या ‘मेरी पॉपिन्स’ चित्रपटात धुरांडी साफ करणाऱ्याचं जे गाणं आहे, त्यातही ती आहे. लेड झेपेलिनच्या जिमी पेजनं साक्षीत याच गाण्याचं नाव घेतलं, तेव्हा कोर्टात मजा आली असणार. जगातला सगळ्यात गंभीर चेहऱ्याचा रॉक गिटारिस्ट आपल्या बचावाला मेरी पॉपिन्स आणतोय!

‘स्टेअरवे’मध्ये त्या उतरणीच्या वर आणखी एक ओळ आहे, ती चढते. खालचा सूर उतरतोय, वरचा चढतोय, आणि दोन्ही एकाच हाताच्या बोटांनी वाजतात. ‘टॉरस’मध्ये ती चढती ओळ नाही. शिकणाऱ्याची करंगळी दुखते ती नेमकी या चढत्या ओळीमुळे. पेजचं कर्तृत्व तिथे आहे, आणि पुढच्या आठ मिनिटांच्या बांधणीत आहे. मी स्वतः हे दोन्ही तुकडे शेकडो वेळा वाजवले आहेत. माझ्या बोटांना ते एक वाटत नाहीत. कानाला मात्र सख्खे भाऊ वाटतात.

आता ज्यांच्यासाठी एवढं रामायण झालं, त्या स्पिरिटबद्दल. खटल्याच्या बातम्यांत हा बँड ‘एक विस्मृतीत गेलेला साठच्या दशकातला बँड’ एवढ्या सहा शब्दांत उरकला गेला. मला राग येतो तो याचा.

त्यांचा गिटारिस्ट रँडी कॅलिफोर्निया. मूळ नाव रँडी क्रेग वूल्फ, जन्म १९५१. मामाचा लॉस एंजेलिसमध्ये ‘अ‍ॅश ग्रोव्ह’ नावाचा लोकसंगीताचा क्लब होता, त्यामुळे जुने ब्लूज गाणारे वादक या पोरानं लहानपणापासून समोर बसून ऐकले. १९६६ मध्ये घर काही काळ न्यूयॉर्कला हललं. तिथे पंधरा वर्षांच्या रँडीला एक अनोळखी गिटारवादक भेटला, जिमी हेंड्रिक्स. तो अजून जगाला माहीत नव्हता. ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका कॅफेत त्याचा बँड वाजवायचा, त्यात त्यानं या पोराला घेतलं. बँडमध्ये रँडी नावाचे दोघं झाले, म्हणून हेंड्रिक्सनं एकाला टेक्सास म्हटलं आणि दुसऱ्याला कॅलिफोर्निया. नाव चिकटलं ते कायमचं. पुढे हेंड्रिक्स लंडनला निघाला, याला चल म्हणाला. घरच्यांनी सोडलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला कोण सोडेल?

ड्रमवर एड कॅसिडी, रँडीचा सावत्र बाप. १९२३चा जन्म, पूर्ण तुळतुळीत डोकं, काळे कपडे आणि जॅझमध्ये घासून तयार झालेला हात. बँड निघाला तेव्हा हे गृहस्थ चव्वेचाळीस वर्षांचे आणि गिटारवर त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा. रॉकच्या जगात तिशी उलटली की माणूस म्हातारा समजला जात असे, त्या काळातली ही गोष्ट. गायक जे फर्ग्युसन, बासवर मार्क अँडीज, कीबोर्डवर जॉन लॉक. त्यांचा पहिला अल्बम ऐका. ‘फ्रेश गार्बेज’ हे गाणं कचऱ्यावर आहे, आपण रोज टाकतो त्या कचऱ्यावर, आणि मध्येच ते गाणं जॅझच्या गल्लीत शिरून परत येतं. १९६८ मध्ये! आज ‘फ्यूजन’ म्हणून जे महागडी तिकिटं लावून वाजवलं जातं, ते ही मंडळी कसलाही आव न आणता करत होती.

त्यांचा १९७०चा अल्बम ‘ट्वेल्व्ह ड्रीम्स ऑफ डॉक्टर सार्डोनिकस’ हा माझ्या मते त्या दशकाच्या पहिल्या फळीतला. निर्माता डेव्हिड ब्रिग्ज, म्हणजे नील यंगचे अल्बम करणारा. त्यात ‘नेचर्स वे’ नावाचं पर्यावरणावरचं गाणं आहे, इतकं हळुवार की त्यातला इशारा दुसऱ्यांदा ऐकल्यावर लागतो. पण अल्बम तेव्हा चालला नाही. बँड फुटला. फर्ग्युसन आणि अँडीज बाहेर पडले, त्यांनी दुसरा बँड काढला. हाच फर्ग्युसन पुढे दूरचित्रवाणीसाठी संगीत देऊ लागला. माझे विद्यार्थी ‘द ऑफिस’ ही अमेरिकन मालिका जेवताना बघतात, तिच्या सुरुवातीची धून त्याचीच आहे. हे सांगितल्यावर पोरांना स्पिरिटबद्दल एकदम आदर वाटू लागतो. चालायचंच.

रँडी बँड मोडत, जोडत, छोट्या जागी वाजवत राहिला. २ जानेवारी १९९७ रोजी हवाईच्या मोलोकाई बेटावर त्याचा बारा वर्षांचा मुलगा समुद्राच्या ओढीत सापडला. रँडीनं त्याला किनाऱ्याकडे ढकललं. मुलगा वाचला, बाप बुडाला. वय पंचेचाळीस.

आता दोन बँडची गाठ. लेड झेपेलिननं अमेरिकेत पहिला कार्यक्रम केला तो २६ डिसेंबर १९६८ रोजी डेन्व्हरमध्ये. त्या रात्रीच्या यादीत स्पिरिटही होते, आणि झेपेलिन हे तेव्हा कुणाला माहीत नसलेले, सगळ्यांच्या आधी वाजवणारे पाहुणे. त्यानंतरच्या काळात झेपेलिन आपल्या कार्यक्रमात ‘फ्रेश गार्बेज’चा तुकडा वाजवत असत. म्हणजे स्पिरिटचा पहिला अल्बम त्यांच्या कानाखालून गेला होता. पेजच्या हजारो तबकड्यांच्या संग्रहात तो अल्बम निघालाही. तो घरात कधी आणि कसा आला ते सांगता येत नाही, आणि ‘टॉरस’ आपण अगदी अलीकडे, जावयानं इंटरनेटवरची तुलना दाखवल्यावर ऐकलं, असं त्यानं शपथेवर सांगितलं. झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लँट १९७० मध्ये बर्मिंगहॅमच्या क्लबमध्ये स्पिरिटच्या कार्यक्रमाला गेला होता. पण त्याच रात्री घरी जाताना त्याच्या गाडीला अपघात झाला, त्यामुळे त्याला काही आठवत नाही. साक्षी ऐकून ज्यूरींनी काय मानलं? की पेज आणि प्लँट यांना ‘टॉरस’ ऐकायची संधी होती. आपल्या भाषेत, ‘आम्ही ऐकलंच नाही’ हे त्यांना पटलं नाही. पण ऐकलं असलं तरी दोन रचनांत कायद्याला लागणारं साम्य नाही, असा निकाल २३ जूनला आला.

खटला एवढ्या उशिरा का? गाणं १९७१चं, दावा ३१ मे २०१४चा. रँडीनं हयात असताना दावा लावला नाही. त्याच्या आईनं त्याच्या नावे केलेल्या ट्रस्टनं दावा लावला, आणि त्याला कारण झाला एक वेगळाच खटला. मे २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘रेजिंग बुल’ चित्रपटाच्या प्रकरणात सांगितलं, की काम जोवर विकलं जातंय, तोवर आधीच्या तीन वर्षांपुरता दावा लावता येतो, वारस इतकी वर्षं गप्प का बसले म्हणून तो फेटाळता येणार नाही. बारा दिवसांत ट्रस्टचा दावा दाखल झाला. २०१६ला हरले, २०१८ला अपिलात तीन न्यायाधीशांनी खटला पुन्हा चालवा म्हटलं, ९ मार्च २०२० रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानं मूळ निकाल कायम केला, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. संपलं.

मोठ्या पीठानं जाता जाता एक महत्त्वाची गोष्ट केली. त्या भागातल्या न्यायालयांत एक जुना नियम होता : प्रतिवादीला मूळ गाणं ऐकायची संधी जितकी जास्त, तितकं कमी साम्य दाखवलं तरी चालेल. तो त्यांनी मोडीत काढला. बरं झालं. आज प्रत्येकाच्या खिशात जगातलं सगळं संगीत आहे. म्हणजे ‘संधी’ प्रत्येकालाच आहे. तो नियम राहिला असता तर उद्या कुणीही कुणाच्याही दारात नोटीस घेऊन उभं राहिलं असतं. २०१५ मध्ये ‘ब्लर्ड लाइन्स’ या गाण्यावर मार्व्हिन गे यांच्या वारसांनी पन्नास लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळवली, ती बऱ्याच अंशी ठेक्याच्या आणि एकूण ढंगाच्या साम्यावर, तेव्हा माझ्यासारख्या किरकोळ माणसालाही घाम फुटला होता. ढंगावर मालकी? मग भैरवी कुणाच्या नावावर करायची? दादरा कुणाचा?

म्हणून म्हणतो, निकाल बरोबर. सा पासून कोमल ध पर्यंतच्या उतरणीचा सातबारा कुणाच्याच नावावर निघू शकत नाही, रँडीच्याही नाही.

मात्र निकालाचा रस्ता मला पटत नाही. कागदाची अट घातली, की जो कागद लिहू शकतो त्याचंच संगीत ‘रचना’ ठरतं. ब्लूजवाले नोटेशन लिहीत नसत. आमच्या ऑर्केस्ट्रातले निम्मे वादक कॅसेट मागे-पुढे करून, कानानं पीस उतरवून घ्यायचे. नोटेशन वाचणारे बहुतेक गोव्याचे. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद याच लोकांनी लिहिला. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सॅबेस्टियन डिसूझा यांनी काय लिहून ठेवलंय, ते त्या गाण्यांच्या मधल्या जागा ऐकल्या की कळतं. पण तबकडीच्या वेष्टणावर डिसूझांचं नाव शोधायचं तर भिंग लागायचं. म्हणजे एकीकडे लिहिता येत नाही म्हणून हक्क नाही, दुसरीकडे लिहिलं तरी नाव नाही. वादकाची कोंडी ही दोन्हीकडून.

आणि लेड झेपेलिनचा नावांबाबतचा हात आखडता होता, हे त्यांच्या कट्टर चाहत्यालाही नाकारता येणार नाही. मी त्यांचा चाहताच आहे. ‘होल लॉट्टा लव्ह’चे शब्द शिकागोच्या विली डिक्सनच्या गाण्यातून आले, ते गाणं मडी वॉटर्सनं १९६२ मध्ये गायलं होतं. डिक्सननं १९८५ मध्ये दावा लावल्यावर तडजोड झाली आणि आज श्रेयात त्याचं नाव आहे. ‘द लेमन साँग’मध्ये हाउलिन वूल्फचं ‘किलिंग फ्लोअर’ आहे, तडजोड. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे नावासकट जेक होम्सचं १९६७चं गाणं, त्यानं २०१० मध्ये दावा लावला, तडजोड. ‘बेब आय’म गॉना लीव्ह यू’ हे पारंपरिक गाणं म्हणून छापलं, ते अ‍ॅन ब्रेडन या बाईंनी रचलेलं निघालं, त्यांचं नाव वीस वर्षांनी लागलं. एकदा विसरणं समजू शकतो. दरवेळी विसरायचं आणि दरवेळी कोर्टाचा कागद आल्यावर आठवायचं, याला विसरणं म्हणत नाहीत. ज्यांच्या गाण्यांवर पोसलो, त्यातले कित्येक मिसिसिपीतून पोट भरायला शिकागोला आलेले काळे वादक होते. त्यांचं नाव छापायला शाई किती लागली असती?

रँडी मरण्याआधीच्या एका मुलाखतीत ‘स्टेअरवे’बद्दल बोलला होता. सूर कडवट आहे, पण मागणी बघा. कोट्यवधी कमावले, एकदा आभार मानले नाहीत, थोडे पैसे देऊ का म्हणून विचारलं नाही, असा त्याचा सल. आधी आभार, मग पैसे. खटल्याच्या तोंडावर ट्रस्टच्या वकिलानंही एक डॉलरवर तडजोडीची तयारी दाखवली होती, अट एवढीच की गाण्याच्या श्रेयात रँडीचं नाव हवं. हा डॉलर दिसतो तितका साधा नाही, हे मला कळतं. ‘स्टेअरवे’नं २००८ पर्यंत छप्पन्न कोटी डॉलरच्या वर कमावले असा एका व्यवसायविषयक मासिकाचा अंदाज होता, आणि अशा गाण्याच्या श्रेयात नाव लागणं म्हणजे पुढच्या प्रत्येक रुपयात वाटा. वकील भोळा नव्हता.

पण खरी अडचण इथेच आहे. तिकडे नाव आणि पैसा एकाच दोरीला बांधलेत. नाव दिलं की वाटा द्यावा लागतो, म्हणून वकील सांगतो नाव घेऊच नका, मुलाखतीत ‘त्यांच्याकडून सुचलं’ असंसुद्धा म्हणू नका. कृतज्ञता हाच पुरावा होऊन बसतो.

आपल्याकडे एक साधी पद्धत होती. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर छापलेलं असे : राग अमुक, ताल अमुक, चाल तमुक. ‘तमुक’ म्हणजे मूळ बंदिशीचे, ठुमरीचे, लावणीचे किंवा कानडी पदाचे पहिले शब्द. गोविंदराव टेंब्यांनी १९११च्या ‘मानापमाना’त आणि भास्करबुवा बखल्यांनी १९१६च्या ‘स्वयंवरा’त चिजांवरून चाली बांधल्या, सगळ्या महाराष्ट्राला ते ठाऊक होतं, आणि त्यामुळे त्यांचं मोठेपण कणभरही कमी झालं नाही. उलट रसिक मूळ चीज शोधत उस्तादांच्या मैफलीला जाऊन बसू लागले. पैसे कुणाला मिळाले नाहीत, हे खरं, आणि ते योग्य होतं असं माझं म्हणणं नाही. बंदिश बांधणारा उपाशीच राहिला. पण कुठून घेतलं हे लपवलं नाही.

पुढे आपणही ते सोडलं. हिंदी चित्रपटांनी परदेशी चाली उचलल्या तेव्हा डोक्यावर काही छापलं नाही. आणि उलट्या दिशेचा प्रवासही झाला. ‘ज्योती’ चित्रपटातलं लताबाईंनी गायलेलं ‘थोडा रेशम लगता है’ हे बप्पी लाहिरींचं गाणं २००२ मध्ये ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या अमेरिकन गाण्याखाली जसंच्या तसं वाजत होतं. आवाज लताबाईंचा, आणि श्रेय नाही! तोही खटला लॉस एंजेलिसमध्येच चालला. पहिल्या झटक्यात न्यायाधीशांनी लाहिरींचं नाव लावल्याशिवाय तबकड्या विकू नका असा आदेश दिला. मला तो आदेश फार आवडला होता. पुढे करार तपासले, तर गाण्याचे हक्क निर्मात्याकडे, संगीतकाराकडे काही नाही. दावा बुडाला. नावाचा प्रश्न सुटता सुटता मालकीच्या कागदात अडकला.

माझाही या प्रकरणात एक जुना काटा आहे, तो लपवत नाही. ऐंशीच्या दशकात एका एकांकिकेला मी संगीत दिलं होतं. त्यातला गिटारचा एक तुकडा वर्षभरात रेडिओवरच्या एका जाहिरातीत वाजू लागला. ज्यानं तो उचलला तो आमच्या तालमींना येऊन बसायचा, चहा प्यायचा. मी बोललो तर हसून म्हणाला, “अरे, आठच तर सूर होते.” मला पैसे नकोच होते असं म्हणणार नाही, घरभाडं थकलेलं होतं. पण त्यानं चारचौघांत ‘हा याचा पीस’ एवढं म्हटलं असतं तर मी बहुधा गप्प बसलो असतो. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण माणसाचा भरवसा नाही, माझाही नाही. जॉर्ज हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’बद्दल १९७६ मध्ये न्यायाधीशांनी ठरवलं, की त्यानं जाणूनबुजून चोरलं नाही, आधीचं गाणं नकळत मनात राहिलं आणि बाहेर आलं. न्यायाधीश स्वतः ऑपेरा रचणारे होते, त्यांना हे कसं घडतं ते माहीत असणार. पेजचंही तसंच झालं असेल. मग तसं म्हणायला काय हरकत होती?

हे सगळं लिहिताना १९७२ आठवतं, माझं नव्हे, मुंबईचं. त्या वर्षी पेज आणि प्लँट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये त्यांनी वाजवलं, आणि एका स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. ‘फोर स्टिक्स’ हे ‘स्टेअरवे’च्याच अल्बममधलं गाणं. त्रेचाळीस वर्षांनी, २०१५ मध्ये ती अधिकृतपणे बाहेर आली. गाण्याच्या नावापुढे कंसात छापलंय : बॉम्बे ऑर्केस्ट्रा. आमच्या पिढीच्या वादकांना त्या कंसाचं कौतुकही वाटलं आणि हसूही आलं. निदान शहराचं नाव तरी लागलं!

तेव्हा इथे गाणी करणाऱ्या तरुण मंडळींना माझी विनंती आहे. रील करा, अल्बम करा, लावणीला गिटार जोडा, अभंगाला बीट लावा. ज्याचे पैसे द्यायचे कायदा सांगतो, त्याला ते द्या. आणि जिथे कायदा काही मागत नाही तिथेही, गाण्याखालच्या माहितीत एक ओळ टाका : चाल अमक्यावरून, पीस तमक्याचा. वकील नको म्हणेल. तरी टाका.

आणि वाचकांनी ‘टॉरस’ आणि ‘स्टेअरवे’ शेजारी शेजारी लावून चोर-पोलीस खेळण्याआधी स्पिरिटचा ‘ट्वेल्व्ह ड्रीम्स’ सलग ऐकावा. एकोणचाळीस मिनिटांचा आहे, डोंबिवली ते दादर लोकलमध्ये ऐकून होतो.